आमच्या गावात एमआयडीसी येणार आहे. गावाला खरंच फायदा होतो का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गावात एमआयडीसीसाठी जमीन घेणार अशी चर्चा आहे, नोटीस अजून हातात पडलेली नाही, बाबा म्हणतात जमीन देऊ म्हणजे गाव पुढे जाईल, काका नको म्हणतात, आणि तुम्हाला दोघांचंही पटतं. मी चाकणच्या पश्चिमेकडच्या एका गावची सून आहे. आमच्या साडेपाच एकरांतली पाच एकर एमआयडीसीत गेली, त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली. तेव्हा घरात जे पाहिलं तेच सांगते.

फायदा होतो. पण तो अख्ख्या गावाला सारखा मिळत नाही. ज्याचं नाव कागदावर आहे त्याला मिळतो. सातबाऱ्यावर नाव असेल तर पैसे, कंपनीच्या पटावर नाव असेल तर पगार, ठेक्याच्या करारावर नाव असेल तर धंदा. ज्याचं नाव कुठेच नाही, त्याच्या अंगणातून रस्ता जातो आणि तो रस्त्याच्या कडेला उभा राहतो. म्हणून जमीन द्यायची की नाही, याच्या आधी कागदावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा.

मी लग्न होऊन आले तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. आमच्याकडे कांदा, बटाटा, बाजरी, थोडा भुईमूग. बैलगाड्या नि ट्रॅक्टर रात्रीच मार्केटला निघायचे. याच चाकणला १९७८ साली कांद्याच्या भावासाठी आंदोलन झालं. ते उभं करणारे शरद जोशी शेजारच्या आंबेठाणला जमीन घेऊन शेती करत होते, आणि पुढच्याच वर्षी शेतकरी संघटना उभी राहिली. आज आंबेठाणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कंपन्या आहेत. बजाजचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, मग महिंद्रा. त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने. दहा वर्षांत शिवार इतकं बदललं की माहेरी जाऊन महिन्याने परत आले तर बस थांब्याची खूण सापडायची नाही.

आमच्याकडे कलम ३२(२)ची नोटीस आली तेव्हा सासरे वारलेले होते. ही नोटीस म्हणजे ‘तुमची जमीन का घेऊ नये, ते सांगा’ असं विचारणारा कागद. १९६१ च्या एमआयडीसीच्या कायद्यात ते कलम आहे. हा टप्पा लोक हलक्यात घेतात, तुम्ही घेऊ नका. त्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यायची असते आणि प्रांताकडे सुनावणी होते. एकदा ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात आली की जमीन सरकारची झाली, मग बोलायला उरतो तो फक्त भाव. बागायत जमीन वगळा, गावठाणालगतची वगळा, विहिरीचा तुकडा वगळा, हे म्हणायची वेळ ३२(२) ची. आमच्या गावात चार-पाच घरांनी मिळून तालुक्याच्या वकिलाकडून हरकती लिहून घेतल्या होत्या. त्यांचे काही गट नंबर वगळले गेले. आम्ही ‘सगळ्यांचं होईल ते आपलं होईल’ म्हणून गप्प बसलो.

मग मोजणी. मोजणीच्या दिवशी फक्त जमीन मोजत नाहीत. विहीर, बोअर, पाइपलाइन, गोठा, बांध, झाडं, सगळ्याची नोंद होते आणि त्याचे वेगळे पैसे मिळतात. त्या दिवशी आमच्या घरात चुलत सासऱ्यांच्या दहाव्याची गडबड होती, शेतावर कुणी गेलं नाही. पंचनाम्यात अकरा आंब्यांच्या जागी सहा आंबे लागले आणि जमिनीखालून गेलेल्या पाइपलाइनचा उल्लेखच राहिला. चूक आमचीच होती. तुम्ही त्या दिवशी काय वाटेल ते झालं तरी शेतावर थांबा, प्रत्येक झाडाचा फोटो काढा, आणि सही करण्याआधी पंचनामा मोठ्याने वाचून घ्या.

पण या सगळ्याहून मला आजही लागतं ते वेगळंच आहे. सातबाऱ्यावर चार भाऊ आणि दोन बहिणी, अशी सासऱ्यांच्या मागची वारसनोंद होती. मोबदला मिळण्याआधी बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यायचं ठरलं. म्हणजे ठरलं भावांचं, बहिणींना निरोप गेला. २००८ चा मे महिना, रजिस्टरच्या ऑफिसबाहेर लिंबाखाली आम्ही सगळ्या बसलेलो. धाकट्या नणंदेने मला हळूच विचारलं, “वहिनी, किती पैसे येणार आहेत हो?” मला खरंच माहीत नव्हतं. घरात कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तिने आत जाऊन सही केली, अंगठ्याचा ठसा दिला, बाहेर येऊन बोटाची शाई पदराला पुसली. भावांनी तिला साडी आणि अर्ध्या तोळ्याची अंगठी दिली. तिचा नवरा पुढे चार वर्षांनी गेला. दोन मुलांची शिक्षणं तिने दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करून केली. इकडे तिच्या वाटणीच्या पैशावर एक स्कॉर्पिओ आली आणि पाच वर्षांत भंगारातही गेली.

हे कुणावर राग काढायला लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. कायदा तेव्हाही तिच्या बाजूने होता. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत. पण स्वतःच्या हाताने हक्क सोडून दिलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? तुमच्या बहिणी असतील, आत्या असतील. त्यांच्या सह्या मागायला जाल तेव्हा एकूण रकमेचा आकडा आधी सांगा. आकडा ऐकून त्यांनी काय ठरवायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आणि आईचं काय? तुमच्या प्रश्नात बाबा आहेत, काका आहेत, आई कुठे दिसली नाही. ज्या आंबेठाणचा उल्लेख वर केला, तिथल्याच शरद जोशींनी १९८९ च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचं अभियान काढलं होतं, नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. गावोगावच्या हजारो शेतकऱ्यांनी ते केलं. पुढे सरकारनेही १९९२ मध्ये त्यासाठी परिपत्रक काढलं. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याने अर्ज करायचा आणि बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. नोटीस येण्याआधीचे हे जे महिने तुमच्या हातात आहेत, त्यात तलाठ्याकडे जाऊन हे विचारा. एकदा एमआयडीसीचा शिक्का सातबाऱ्यावर पडला की साधी नोंद करायलाही चपला झिजतात.

आता पैशाचं. चार भावांना वाटे मिळाले. थोरल्या दिरांनी लगेच जुन्नरकडे पाण्याखालची तीन एकर घेतली. लोक हसले, एवढे पैसे आले आणि हा परत मातीतच घालतोय म्हणून. आज त्या घरात द्राक्षं आहेत, दोन्ही मुलं शेतीत आहेत. धाकट्याने आधी बंगला बांधला, मग गाडी घेतली, मग कर्ज काढून डंपर घेतला, कारण कंपन्यांच्या सपाटीकरणाची कामं जोरात होती. सपाटीकरण संपलं आणि डंपर उभा राहिला. तिसरे दीर राजकारणात गेले, त्यांचं काय झालं ते लिहीत नाही. आमच्या वाट्याचं थोडं बँकेत, थोडं मुलीच्या नावावर, आणि उरलेल्या वीस गुंठ्यांतले आमचे पाच गुंठे, त्यावर खोल्या बांधायचं ठरवलं.

खोल्यांसाठी कर्ज घेताना बँकेतले साहेब म्हणाले, सहकर्जदार म्हणून बायकोची सही लागेल. तेव्हा मला नणंदेच्या बोटाची शाई आठवली. मी म्हटलं, सही करते, पण आधी पाच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर माझं नाव लावा. घरात आठ दिवस अबोला होता. नाव लागलं. आज बारा खोल्या आणि खालची खानावळ त्या नावावर उभी आहे.

खानावळीतून मला चाकण जसं दिसतं तसं कोणत्याही अहवालात दिसणार नाही. पहाटे साडेतीनला चूल पेटते, म्हणजे आता गॅसची शेगडी, पण तोंडात चूलच येते. पहिल्या पाळीच्या बस सहाच्या आसपास लागतात, त्याआधी सत्तर डबे भरायचे. लातूर-बीडच्या पोरांना भाकरी हवी, ओडिशाच्या पोरांना भात जास्त, बिहारच्यांना भाजीत बटाटा असला की चालतं. ही पोरं शेतकऱ्यांचीच आहेत. कुणाची दोन एकर कोरडवाहू, कुणाची तीही नाही. बहुतेक कंत्राटी. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराकडून त्याच लाइनवर किंवा पलीकडच्या कंपनीत. डब्याच्या वहीत एकाच पोराचं नाव मी चार वेळा काढलंय आणि चार वेळा परत लिहिलंय.

आमच्या गावातल्या पोरांचं काय, असं तुम्ही विचाराल. नोटीस आली तेव्हा गावातल्या प्रत्येक सभेत एकच वाक्य ऐकू यायचं, घरटी एक नोकरी. कोणी लिहून दिलं होतं? कोणीच नाही. सरकारचा ८० टक्के स्थानिकांचा नियम आहे, पण त्यातला ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला माणूस. तुमच्या गावचा नव्हे, तालुक्याचाही नव्हे. गडचिरोलीचा मुलगा तुमच्या गावात तितकाच स्थानिक, आणि त्यात चुकीचं काही नाही, त्यालाही पोट आहे. पण जमीन गेलेल्याला वाटत असतं की तो नियम आपल्यासाठी आहे, तो गैरसमज आधीच काढून टाका. आमच्यातली जी मुलं आधीच आयटीआय किंवा डिप्लोमा करत होती ती चिकटली. माझी मुलगी डिप्लोमा करून आज एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, पर्मनंट. मी तिच्या वयाची असताना दोन मुलांची आई होते. एमआयडीसी आली नसती तर ती शिकली नसती असं मी म्हणणार नाही, पण शिकून रोज संध्याकाळी घरी जेवायला आली नसती, पुण्याला नाहीतर मुंबईला गेली असती. ही गोष्ट मी रोज डोळ्याने पाहते, म्हणून कुणी एमआयडीसीने फक्त वाटोळं केलं म्हणालं की मला पटत नाही.

पण ज्यांना गावात विचारलंच जात नाही त्यांचंही ऐका. आमच्या रानात खुरपणीला, कांदा काढायला डोंगराकडेच्या ठाकरवाडीतल्या बाया यायच्या. वर्षातले सात-आठ महिने त्यांचं घर आमच्यासारख्यांच्या शेतावर चालायचं. जमीन गेली तेव्हा आम्हाला नोटीस आली, त्यांना कसली येणार? त्यांच्या नावावर काहीच नव्हतं. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीवर मजुरी करून जगणाऱ्या कुटुंबांनाही बाधित धरलंय, पण एमआयडीसी जमीन घेते राज्याच्या १९६१ च्या कायद्याने. त्यातल्या दोघी आज माझ्याकडे पोळ्या लाटतात. एकदा त्यातली थोरली म्हणाली, “वैनी, तुमचं रान गेलं तर तुम्हाला पैसं आलं. माझं बी रान तेच हुतं की.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या ग्रामसभेत जमीनमालकांच्या मागण्यांच्या यादीत शेतमजुरांच्या घरटी एका माणसाला झाडलोट, बागकाम, कँटीन, जे असेल ते काम आणि मुलांना आयटीआयची फी, एवढं तरी लिहून घ्या. ती मागणी जमीनवाल्यांनीच लावून धरावी लागते, कारण वाटाघाटीला खुर्ची फक्त त्यांनाच मिळते.

पाणी, कचरा, रस्ता यांबद्दल थोडक्यात सांगते. चाकणचे तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक ही नावं कोंडीमुळे पुण्यापासून नाशिकपर्यंत प्रत्येक ट्रकवाल्याला पाठ आहेत. आमच्याच गल्लीतल्या एका बाळंतिणीला दवाखान्यात पोचायला वीस मिनिटांच्या वाटेला पावणेदोन तास लागले. कंपन्या आधी आल्या, रस्ते नंतर रुंद व्हायला लागले. गावची लोकसंख्या भाडेकरूंसकट कित्येक पटींनी वाढली आणि गटार मात्र जुन्याच मापाचं. माझ्या बारा खोल्यांचंही सांडपाणी त्यातच जातं, हे मान्य करते. पुढे आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना सगळा महाराष्ट्र बघतो. भामचंद्र डोंगरावर, जिथे तुकोबा चिंतनाला बसत, आजही वारकरी विद्यार्थी गुहांमध्ये अभ्यास करतात. खालून कारखान्यांचा नि वाहनांचा आवाज वर पोचतो. डोंगराला संरक्षण मिळावं म्हणून त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. तुमच्या गावात देवराई असेल, तळं असेल, गायरान असेल तर तेही हरकतीत लिहा. ते कुणा एकाच्या नावावर नसतं, म्हणून सगळ्यात आधी जातं.

भंगाराच्या आणि लेबरच्या ठेक्यांवरून होणाऱ्या मारामाऱ्यांबद्दल पेपरात वाचलं असेलच. ज्यांनी एका ताटात जेवण केलं त्या घरांत बोलणं बंद झालंय.

आता देणं-घेणं. फक्त रोख घेऊन मोकळे होऊ नका, जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंडाचा परतावा मागा, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या काही टक्के जागा रस्ते-पाणी-वीज करून परत. हा हक्क फुकट मिळालेला नाही. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या, त्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. एमआयडीसीतही १५ टक्के परताव्याची पद्धत आहे. तुमच्या संमतीपत्रात टक्का किती, भूखंड कुठे, रस्त्याला लागून की मागे, आणि किती वर्षांत ताबा, हे शब्दांत लिहिलेलं असल्याशिवाय सही करू नका. आणि भूखंड हातात येण्याआधी तो हक्क विकू नका. नवी मुंबईत कितीतरी घरांनी गरजेपोटी तो आधीच बिल्डरला देऊन टाकला, आणि आज तिथल्या इमारतींच्या सावलीत ती घरं उभी आहेत.

मगरपट्ट्याचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. हडपसरच्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन विकण्याऐवजी एकत्र केली आणि कंपनी काढून तिथे स्वतःच मगरपट्टा सिटी ही वसाहत उभारली, सतीश मगर यांनी पुढाकार घेतला, आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत वाटा राहिला. ते खरं आहे, कौतुकाचं आहे. पण ती जमीन पुणे शहराला चिकटलेली होती आणि बहुतेक कुटुंबं एकमेकांच्या नात्यातली. तुमच्याकडे भाऊबंदकीचे दावे किती चालू आहेत ते आधी मोजा. दहा घरं जरी एकत्र राहिली तरी एजंटाला एकेकाला फोडता येत नाही, तेवढं तरी साधा.

शेतीला जोडून जगायची सवय असलेल्यांनी मिळालेल्या पैशाचा निम्मा भाग तरी दुसऱ्या जमिनीत घालावा, असं मी आमच्या थोरल्या दिरांकडे बघून सांगते. जमीन अगदी शेजारच्या तालुक्यात बघू नका, कारण तिथे भाव तुमच्या आधी पोचलेले असतात. आणि थोडी तरी जागा गावात राखा, रस्त्याच्या बाजूची. २०२० च्या टाळेबंदीत तीन महिने माझी खानावळ बंद होती, खोल्या रिकाम्या, पोरं पायी गावाला निघून गेली. पण जागा आपली होती म्हणून परत उभं राहता आलं. ज्यांनी भाड्याच्या गाळ्यात धंदे टाकले होते त्यांना ते जमलं नाही.

बाबांना ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं मी सांगणार नाही, तुमची जमीन मी पाहिलेली नाही. या आठवड्यात एवढंच करा. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढून आणा, घरातल्या सगळ्यांना, बहिणी-आत्यांनाही, एकत्र बसवून वाचा. कोणाचं नाव राहिलंय ते तिथेच कळेल. नोटीस आली किंवा मोजणीची तारीख कळली की इथेच लिहा. आमच्या वेळच्या पंचनाम्याची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. कोणत्या रकान्यात काय लिहून घ्यायचं आमचं राहिलं होतं, ते फोटो काढून दाखवते.